मास्तरांच्या कमरेतलं मेंढरू

दानीएल मास्तरांची कंबर धरली ती भर कीर्तनात, मेंढरू उचलताना. मेंढरू खरं नव्हतं हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुमचा घोटाळा व्हायचा.

सोनईपासून कोसभरावर लिंबाची वाडी आहे. तिथे मिशनची चौथीपर्यंतची शाळा होती आणि शाळेत मास्तर दोन. त्यातले दानीएल मास्तर हेडमास्तर, आणि दुसरा जो योहान, त्याला काही पर्याय नसल्यामुळे तो असिस्टंट. दर नाताळला मिशनच्या देवळात दानीएल मास्तरांचं कीर्तन व्हायचं. पांढरा अंगरखा, फेटा, हातात चिपळ्या, आणि आख्यान बावीस वर्षं एकच, हरवलेल्या मेंढराचं. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ बाकीची नव्व्याण्णव सोडून रानोमाळ हिंडतो, ते काट्यांत अडकलेलं सापडतं आणि तो त्याला उचलून खांद्यावर घेतो. हे उचलणं पाहायला आख्खी वाडी यायची. ख्रिस्ती मंडळी पुढे बसायची आणि हिंदू मंडळी मागे, पण मान सगळ्यांची सारखीच उंच व्हायची. मास्तर दोन्ही पाय जुळवून ताठ उभे राहायचे, कमरेत काटकोनात वाकायचे आणि एका झटक्यात मेंढरू खांद्यावर. मग दोन गिरक्या. त्या गिरक्यांना बायका डोळे पुसायच्या.

बेचाळीस सालच्या नाताळात मास्तर वाकले ते वाकलेच. लोकांना वाटलं, यंदा मास्तरांनी काहीतरी नवीन बसवलंय. कोणीतरी वाहवा म्हटलं. योहान पेटीवर होता, त्याने तीच ओळ सात वेळा वाजवली. शेवटी मास्तरांच्या पत्नी मरियमबाई उठल्या आणि त्या काटकोनातल्या नवऱ्याला हाताला धरून मंडळींमधून घरी घेऊन गेल्या. मागच्या रांगेतली काही भाबडी माणसं समजली की मेंढरू सापडलं आणि आता ते घरी चाललंय.

तेव्हापासून कंबर धरली ती सोडायला तयार नाही. त्रेचाळीस साली मास्तरांनी कीर्तन खुर्चीत बसून केलं, पण खुर्चीत बसलेला मेंढपाळ कोणाला पटेना. चव्वेचाळीस साली मास्तरांनी नुसतं तोंडाने सांगितलं आणि मेंढरू योहानने उचललं. त्याने ते छान उचललं हे मास्तरांना फार लागलं. आणि पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी एक कागद धाडला. कागद अतिशय गोड होता. आपण बावीस वर्षं सेवा केलीत, आता प्रकृतीस जपावे, येत्या नाताळापर्यंत आराम न पडल्यास कीर्तनाची जबाबदारी योहान यांनी घ्यावी, असं त्यात होतं. मास्तरांनी तो कागद चार वेळा वाचला आणि पाचव्यांदा मरियमबाईंना वाचायला लावला.

आता योहान जर कारस्थानी असता तर मास्तरांना निदान रागावता तरी आलं असतं. पण तो पडला गरीब गाय. कागद आला त्याच संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "मास्तर, तुम्हीच बरे व्हा. मला गिरक्या घेताना चक्कर येते." इतक्या चांगल्या माणसाचा द्वेष करायचा कसा, हे मास्तरांना कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

नाताळाला महिना उरला. मास्तरांनी रजा टाकली, बैलगाडीने घोडेगाव गाठलं आणि तिथून मोटारीने नगर. तिथला डॉक्टर भला माणूस होता. त्याने मास्तरांना वाकवून पाहिलं, पालथं घालून पाहिलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली आणि सांगितलं की हाड शाबूत आहे, फळीवर झोपा, जड उचलू नका, धक्का लागू देऊ नका. मास्तर समाधानाने परतीच्या मोटारीत बसले. लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून परत आलेलं नव्हतं, मोटार कोळशाच्या धुरावर चालायची आणि चढ लागला की थांबायची. थांबली. ड्रायव्हरने सगळ्या पुरुषमाणसांना खाली उतरून ढकलायला सांगितलं. मास्तरांनी खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून दाखवली. चिठ्ठी इंग्रजीत होती. ड्रायव्हरने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला की चिठ्ठी झकास हाय, पण मोटार तुमच्याबिगर सरकायची न्हाई. मास्तर उतरले. ढकलताना दोन बायका खिडकीतून त्यांच्याकडे पाहत होत्या, त्यामुळे त्यांनी जरा जास्तच जोर लावला. घोडेगावला उतरताना ते आडवे उतरले.

नगरहून त्यांनी एका वैद्याकडून तेलाची बाटली आणली होती. त्या दिवसांत तेल डोळ्यांना दिसणं मुश्कील, तिथे ही औषधी तेलाची आख्खी बाटली. मरियमबाईंनी ती देव्हारा नसल्यामुळे कपाटात, पवित्र पुस्तकाशेजारी ठेवली आणि रोज दोन थेंब लावायच्या. दोन थेंबांत कंबर कितीशी भिजणार?

इथे सूर्यभान पाटलांनी लक्ष घातलं. ते गावचे पोलीस पाटील, मास्तरांचे शेजारी, आणि दुसऱ्याच्या दुखण्यात त्यांना फार गती. त्यांनी ओट्यावर बसून सुपारी कातरत निदान केलं की ही साधी उसण आहे आणि उसणीला औषध एकच, पायाळू माणसाचा पाय. आईच्या पोटातून डोक्याऐवजी आधी पायाने आलेला माणूस म्हणजे पायाळू. रुग्णाने उंबऱ्यावर पालथं पडायचं आणि पायाळूने डावा पाय तीन वेळा कमरेवर ठेवायचा, की उसण पळाली.

मास्तरांनी जोरात नकार दिला. गेल्याच पावसाळ्यात त्यांनी शाळेपुढे 'भोळ्या समजुती आणि आपली प्रगती' या विषयावर पाऊण तास भाषण केलं होतं, आणि त्यात पायाळूचं उदाहरण दोनदा आलं होतं. पण पंचांचा तो कागद उशीखाली होता. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी पाटलांना सहज विचारल्यासारखं विचारलं की वाडीत पायाळू असं कोणी आहे का, म्हणजे नुसती माहिती म्हणून.

पाटील म्हणाले, गहिनीनाथ पैलवान. पण मास्तर शिकलेले, त्यांना पुरावा हवा. भोळी समजूतच पाळायची तर ती निदान कागदोपत्री तरी चोख असावी, असं त्यांचं म्हणणं. पाटलांकडे जन्ममृत्यूचं दप्तर होतं. दोघांनी एक दुपार खर्चून गहिनीनाथाची नोंद शोधली. तिथे तारीख होती, बापाचं नाव होतं, जात होती, देवी काढल्याची खूण होती. पण माणूस कोणत्या बाजूने जगात आला यासाठी सरकारने रकानाच ठेवला नव्हता. मास्तरांना सरकारचा हा हलगर्जीपणा अजिबात आवडला नाही. शेवटी गहिनीनाथालाच विचारलं. तो म्हणाला, "घरात कोनतरी पायाळू हाय आसं आई म्हनती. म्हंजी मीच आसनार."

शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारचा मुहूर्त धरला. मरियमबाईंनी दार लावून घ्यायला सांगितलं, पण पालथं उंबऱ्यावरच पडायचं असल्यामुळे दार लागणार कसं? मास्तर अर्धे घरात आणि अर्धे ओट्यावर असे पसरले. गहिनीनाथ हा त्यांचाच विद्यार्थी. चौथीत तो तीन वर्षं बसला होता आणि मास्तरांची छडी त्याने भरपूर खाल्ली होती. सूड उगवायची इतकी सोन्यासारखी संधी, पण त्या पोराच्या मनात पाप नाही. गुरूच्या अंगाला पाय कसा लावायचा म्हणून तो आधी मास्तरांच्या पाया पडला, माफी मागितली आणि मग पाय ठेवला. पैलवानाचा पाय, दूध पिऊन पोसलेला. मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कीर्तनात कधी लागला नव्हता. गहिनीनाथ घाबरून पुन्हा पाया पडला, पुन्हा माफी मागितली आणि विधी अर्धा राहू नये म्हणून पुन्हा पाय ठेवला. तिसऱ्या पायाच्या वेळी ओट्याच्या पायरीवर योहान उभा होता. तो पेटीचा सूर विचारायला आला होता. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घालून उभा राहिला. माणसं मयताला जशी उभी राहतात ना, तसा. मास्तरांना हे तिन्ही लाथांपेक्षा जास्त लागलं.

दोन दिवस मास्तर उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी गहिनीनाथ आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याने आईला, बनुबाईला, नीट विचारलं होतं. पायाळू होता तो थोरला भाऊ, आणि तो मिलिटरीत, लांब ब्रह्मदेशाकडे. हा सगळ्यांसारखा डोक्यानेच आला होता. म्हणजे मास्तरांनी तीन लाथा खाल्ल्या त्या निव्वळ फुकट.

मरियमबाईंनी त्याला रागवायला तोंड उघडलं, पण पैलवान रडायला लागला. मोठा माणूस रडताना पाहवत नाही, आणि हा तर चांगलाच मोठा होता. शेवटी मास्तरांनीच त्याची समजूत घातली. डोळे पुसून तो म्हणाला की आमच्या रानात धनगरांची मेंढरं बसलीत खतासाठी. त्यांच्यात एक म्हातारी हाय, आक्काबाई. लंगडं मेंढरू असो की माणूस, तिच्या हातानं चालतं हुतं. मास्तर, येवढं एकदा ऐका.

मास्तरांना आता ऐकण्यावाचून काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते, मरियमबाई आणि ती तेलाची बाटली अशी तिघं गाडीतून रानात गेली. अंगात कोट होता आणि खिशात कीर्तनाचं टिपण, कारण मास्तरांनी आशा सोडली नव्हती. आक्काबाई साठीची, वाळून काटक झालेली. तिने मास्तरांना चार पावलं चालायला लावलं, घोंगडीवर पालथं घातलं आणि कोट बाजूला ठेवला. मरियमबाईंनी मोठ्या मनाने बाटलीचं बूच काढलं.

"तेल नगं," आक्काबाई म्हणाली. "तेलानं हात निसटतो. मला निसटायचं न्हाई, थांबायचंय."

मरियमबाईंनी बूच परत लावलं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

म्हातारीने कमरेला हात लावलाच नाही. तिने गुडघ्याच्या मागे, मग मांडीत, मग पाठीला चिमटीत कातडी धरून सरकवत पाहिली. दुखतं वर आहे, असं मास्तरांनी सभ्यपणे निदर्शनास आणलं. तिने व्हय म्हटलं, आणि सांगितलं की दुखतंय वर, पन वढतंय खालनं. मग तिने समजावलं. बकरं सोलताना कातडं आणि मांस यांच्यामध्ये पांढरा पातळ पडदा दिसतो, तो सगळ्या अंगाला एकच असतो. एके जागी चिकटला की सारं अंग तिकडे ओढलं जातं, आणि त्याला दाबून, रगडून, लाथा घालून काही होत नाही. लाथांचं तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे. मास्तरांनी घोंगडीत तोंड लपवलं.

तिने कोपर मांडीच्या वरच्या अंगाला टेकवलं आणि ती गप्प बसली. मास्तर वाट पाहू लागले. बराच वेळ काही होईना, तेव्हा त्यांनी विचारलं की सुरुवात कधी करणार.

"चालूच हाय," आक्काबाई म्हणाली. "त्यो सोडंस्तवर बसायचं. त्याला काय घाई न्हाई, मला बी न्हाई. तुलाच तेवढी दिसती."

आयुष्यभर छडी आणि घंटा यांवर चाललेला माणूस, त्याला हे थांबणं फार जड गेलं. पण हळूहळू, भाकरीचं पीठ ओल धरतं तसं, आत काहीतरी मऊ पडायला लागलं. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना दिसलं की एक मेंढी त्यांच्या कोटात तोंड घालून टिपणाचे कागद खाते आहे. लढाईत कागद मिळेना म्हणून ते चौथीच्या जुन्या पेपरांच्या पाठीवर लिहिलेले होते. मास्तर उठायला गेले तर आक्काबाईने कोपराने तिथेच दाबून धरलं, आत्ता सुटतंय, हलू नगं म्हणून. मरियमबाई धावेपर्यंत कीर्तनाचा पूर्वरंग मेंढीच्या पोटात गेला होता. उत्तररंग तिने हुंगून सोडून दिला.

कागद कसले ते आक्काबाईने विचारलं, तेव्हा मास्तरांनी आडवं पडल्यापडल्या सगळी हकिगत सांगितली. ऐकून ती कोपर सोडून म्हणाली, "ऊठ. कसं उचालतूस दाव."

मास्तर उठले, तसे थोडे सरळच उठले. त्यांनी पाय जुळवले, काटकोनात वाकले आणि बावीस वर्षांचं ते सुप्रसिद्ध मेंढरू उचलायला हात घातला. आक्काबाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. सगळे धनगर हसले. मास्तरांनी देवळातही एवढी दाद मिळवली नव्हती.

"आरं मास्तरा, मेंढरू आसं उचालत्यात व्हय? वरनं झडप घातली की त्ये लांडगाच समजंल. कंबर तुझी जानारच." मग तिने दाखवलं. आधी त्याच्या अंगाशी गुडघे टेकायचे. त्याला तुझा वास घेऊ द्यायचा. मग मानंवर घेऊन फुडलं पाय एका हातात, मागलं दुसऱ्या हातात, आन् मांड्यांच्या जोरावर उठायचं. तिने खरी मेंढी उचलून दाखवली, साठीच्या वयात.

मास्तर सोळा दिवस रोज जात होते. कंबर एकदम गेली असं नाही. एक दिवस सुटायची, दुसऱ्या दिवशी थोडी धरायची. पण आठव्या दिवशी त्यांनी वाकून स्वतःच्या वहाणा घातल्या आणि घरी येऊन मरियमबाईंना त्या काढून पुन्हा घालून दाखवल्या. मरियमबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

कोपर टेकवून थांबायच्या त्या वेळात आक्काबाई बोलत बसायची. एकदा तिने विचारलं, "त्या गोष्टीतलं मेंढरू. घावलं का रं शेवटी?" मास्तर म्हणाले, घावलं, म्हणून तर कीर्तन. मग तिने सांगितलं की दोन वर्षांमागे भंडारदऱ्याच्या अंगाला पावसात तिची ढवळी नावाची मेंढी हरवली. पायाने अधू होती, आक्काबाईने हाताने वाढवलेली. नऊ दिवस ती डोंगर हिंडली. बाकीचे पुढे निघाले म्हणून निघावं लागलं. "आमचं न्हाई घावलं," एवढंच म्हणाली, आणि कोपर दुसऱ्या जागी टेकवलं. मास्तरांनी तिला कीर्तनाचं आमंत्रण दिलं.

नाताळचं कीर्तन यंदा दुपारी तीनला ठेवलं होतं. रॉकेलच्या परमिटचा अर्ज एक सही राहिल्यामुळे तालुक्याहून परत आला होता आणि बत्ती पेटण्याची आशा नव्हती. पंच पुढच्या रांगेत बसले होते, चेहऱ्यावर सहानुभूती आणून. योहान पेटीवर बसला, आणि वेळ पडली तर असावा म्हणून त्याच्याही अंगात पांढरा अंगरखा होता. मागे बायकांत मरियमबाईंच्या शेजारी आक्काबाई येऊन बसली, घोंगडी पांघरून.

पूर्वरंग मेंढीने खाल्ल्यामुळे मास्तर थेट आख्यानावर आले, आणि खरं सांगायचं तर ते सगळ्यांना बरंच वाटलं. मेंढपाळ रानात हिंडला, हाका मारल्या, काट्यांत ते सापडलं. मास्तरांनी सवयीने पाय जुळवले. पाटलांनी सुपारी चघळायची थांबवली. मरियमबाईंनी डोळे मिटले.

आणि मास्तर खाली गेले, ते दोन्ही गुडघ्यांवर.

"पडलं, मास्तर पडलं," म्हणत गहिनीनाथ मंडळींवरून उडी मारून पुढे आला आणि त्याने मास्तरांना काखेत धरलं. योहानही पेटी सोडून उठला. मास्तरांनी हात वर करून दोघांना थांबवलं. त्यांचा आवाज मागपर्यंत गेला.

"मी पडलो नाही. बावीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगत आलो. मेंढपाळ वरून वाकत नाही. तो आधी मेंढराएवढा खाली येतो."

मग त्यांनी त्या रिकाम्या जागेपुढे मान झुकवली आणि वास घेऊ दिला. हळूच मानेवर घेतलं.

"पाय धर, पाय," मागून आक्काबाईचा आवाज आला. "निसटंल."

मास्तरांनी पाय घट्ट धरले आणि ते उठले. ताठ नव्हे, थोडे कललेलेच, पण उठले. गिरक्या घेतल्या नाहीत, खांद्यावर अधू जनावर असताना गिरक्या कोण घेतं? ते सावकाश चालत राहिले आणि योहानने रडत रडत, पण एकही सूर न चुकता, पेटी वाजवली. पुढच्या रांगेतल्या पंचांनी उपरण्याला नाकं पुसली.

भजन संपलं आणि मास्तरांपुढे एक नवीनच पेच उभा राहिला. इतकी वर्षं गिरक्या झाल्या की ते हात सोडून द्यायचे आणि मेंढरू हवेत विरून जायचं. आज त्यांनी चारही पाय नीट धरलेले, आणि आक्काबाई पाहत होती. उचलायचं कसं ते तिने शिकवलं होतं, ठेवायचं कसं ते शिकवायचं राहून गेलं होतं. मास्तर मेंढरू खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. पेटी थांबली.

आक्काबाई उठली. माणसांतून वाट काढत पुढे आली आणि तिने दोन्ही हात पसरले.

"दे इकडं," ती म्हणाली.

मास्तरांनी मान झुकवून दिलं. तिने ते छातीशी धरलं, पदराखाली घेतलं आणि जागेवर जाऊन मांडी घालून बसली. मरियमबाईंनी थोडं सरकून दोघींना जागा करून दिली.